कोणाकडे शिकलात

कारापेग्वा, ५ मार्च १९९८

ताई,

अक्षर पाहून ओळखलं असशीलच. ओदुलिया लिहायला बसली की कोंबडी उकिरडा उकरते, असं आई म्हणायची. अजून तसंच आहे. तुझा पत्ता क्रेसेन्सियाकाकूंच्या मुलीनं दिला. ती म्हणाली, "लिब्रादाताईंचं ब्युनोस आयर्सला बरं चाललंय, पण तुमचं नाव काढलं की त्या विषय बदलतात." बदल. पत्रात तुला विषय बदलता येणार नाही, फार तर पत्र खाली ठेवता येईल.

कामाचं सांगते. आमच्या कलाशाळेला या वर्षी नऊ वर्षं झाली. कापसाच्या जुन्या गोदामात भरते, तेच गोदाम जिथे आपण पोत्यांवर उड्या मारायचो. नव्या संचालिका आल्यात, निमिया कान्तेरो. एकतीस वर्षांची पोरगी, चालते अशी की बस सुटतेय. पहिल्याच बैठकीत तिनं आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक कोरं कार्ड ठेवलं. नाव, वाद्य, आणि तिसरा रकाना: कुठे आणि कोणाकडे शिकलात. फोटोसकट दाराशी लावणार. "आपली मुलं कोणाच्या हाती आहेत हे पालकांना कळायला हवं," म्हणाली.

शिक्षकांच्या खोलीत त्यावरून दिवसभर चेष्टा. आगाथाबाई व्हायोलिन शिकवतात. त्या चाकोतल्या मेनोनाइट या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या वस्तीतल्या. तिथे व्हायोलिन म्हणजे थिल्लरपणा, म्हणून त्यांच्या मामांनी ते पिठाच्या पिंपात लपवलेलं असायचं आणि ह्या गोठ्यात शिकायच्या. त्यांनी विचारलं, "मग मी काय लिहू, गोठा?" अनाक्लेतो मास्तर ट्रम्पेट शिकवतात, बोलतात कमी. ते तेरेरेचा गार घोट घेऊन म्हणाले, "लिहा की. गाईंची नावंही लिहा. साक्षीला लागतील."

माझं कार्ड दोन मिनिटांत भरून झालं. नाव ओदुलिया रोमेरो. वाद्य हार्प. उस्ताद एवारिस्तो ब्रिसुएला यांच्याकडे राजधानीत चार वर्षं शिक्षण, नऊ देशांत कार्यक्रम, आणि 'कारापेग्वाची दुपार' या पोल्का धुनेची रचनाकार. यातली शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळ्यांची कागदपत्रं माझ्याकडे आहेत.

तुला लिहिण्याचं कारण इतकंच की, बाबांनी देवदाराचा पहिला हार्प कोणत्या साली केला ते निमियाला हवंय, फोटोखाली घालायला. एक ओळ लिहून पाठव. जास्त नको.

ओदुलिया

कारापेग्वा, २ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर साल निमियानं विचारलंच नव्हतं. मला काहीतरी निमित्त हवं होतं, अकरा वर्षांच्या अबोल्यात ते एकच सुचलं.

पण आता सांगण्यासारखं घडलंय, तेव्हा उत्तराची वाट न बघता लिहिते.

कार्डं भिंतीवर लागली. माझ्या शेजारी अनाक्लेतो मास्तरांचं. ते जसंच्या तसं उतरवते: "तेराव्या वर्षापासून लष्करी बँडमध्ये. त्यातली चार वर्षं छावणीच्या मागच्या अंगणात रोज दुपारी तीन वाजता मोठ्यानं पोल्का वाजवायचं काम होतं. आतल्या खोल्यांतले आवाज रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून. कशासाठी वाजवतोय ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं."

लावायच्या आधी निमिया ते कार्ड घेऊन खोलीत आली तेव्हा मी तिथेच होते.

"मास्तर, मी शिक्षण विचारलं होतं. ही तर पाद्रीबाबांना सांगायची गोष्ट आहे."

"बाई, तुम्ही विचारलंत कुठे शिकलो. इतक्या मोठ्यानं वाजवायला मी तिथेच शिकलो. पोरांना मी शिकवतो तो दम तिथलाच आहे."

"पालक काय म्हणतील?"

"ते पालकांना विचारा. मी माझ्यापुरतं लिहिलंय."

निमियानं कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग स्वतः जाऊन टाचण्या मारून आली. त्या दिवसापासून मी तिला पोरगी म्हणणं सोडलं. पहिल्या पत्रात लिहिलेलं तेवढं मागे घेते.

चौघांनी आपली मुलं काढून घेतली. एक बाप दारातच ओरडला, की असली घाण उकरायची असेल तर शाळा कशाला म्हणवता. मास्तर आत ट्रम्पेटची तोंडाकडची नळी पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

आणि मग गेल्या मंगळवारी किइंदीच्या बसमधून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. उन्हासाठी काळी छत्री, पायात पुसून लख्ख केलेले जोडे. बिएनवेनिदाबाई, पूर्वी तिकडे प्राथमिक शाळेत शिकवायच्या. कार्डासमोर छत्री न मिटता उभ्या राहिल्या. वाचून झालं तरी हलेनात. मी खुर्ची नेली तर म्हणाल्या, "नको. हे लिहिणारे कुठे आहेत?"

मास्तर बाहेर आले.

"कोणती पोल्का वाजवायचात?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी नाव सांगितलं.

"माझे यजमान सात महिने आत होते. सुटून आले, पण ती पोल्का कुठे लागली की घराबाहेर पडायचे. ते म्हणायचे, वाजवणाऱ्यांतला एक जण रोज एकाच जागी चुकतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटी. ती चूक कधी येते याची ते आतून वाट बघायचे. चूक आली की त्यांना कळायचं, बाहेर कोणीतरी माणूस आहे."

"तो मीच," मास्तर म्हणाले. "तिथे आलो की ओठ आवळायचे. मुद्दाम नव्हतं बाई. मुद्दाम केलं असं मला सांगता येणार नाही."

"सांगूही नका. मी माफ करायला आलेली नाही. कोण होता ते बघायचं होतं."

मग त्यांनी छत्री मिटली, खुर्चीवर बसल्या आणि पाणी मागितलं. पाणी मास्तरांनीच आणून दिलं. पाचच्या बसनं बाई परत गेल्या.

मी माझ्या वर्गात जाऊन बसले. चार मुली बोटं तयार ठेवून वाट बघत होत्या. त्यांना 'कारापेग्वाची दुपार' वाजवायला सांगायचं होतं. त्याऐवजी स्वरांचा सराव करा म्हणाले आणि खिडकीपाशी उभी राहिले.

पुढचं पुढच्या पत्रात. आज हिंमत नाही, आणि हिंमत नाही असं मी याआधी कोणाला लिहिलेलं नाही.

ओदुलिया

कारापेग्वा, १९ एप्रिल

ताई,

तुला ठाऊक असलेलीच गोष्ट तुला सांगणार आहे. माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस, म्हणून.

बाबांचा नियम होता: मुलींनी मांडीशी परात धरावी, हार्प नाही. त्यांच्या कारखान्यात हार्प तयार व्हायचे आणि परक्यांच्या घरी जायचे. तू भिंतीला कान लावून, गिऱ्हाइकं वाजवून बघायची ते ऐकून शिकलीस. आणि बाबा दुपारी जेवून झोपले की तू मला शिकवायचीस. तारांमध्ये चिंध्या खोचायच्या, आवाज कोंडायचा, एक डोळा दाराकडे. मी नऊ वर्षांची होते, तू चौदाची. आठ वर्षं त्या दुपारी चालल्या. माझी नखं तू घासून द्यायचीस, माझा डावा हात तू तुझ्या हातानं तारांवर ठेवायचीस. उस्ताद ब्रिसुएलांनी मला जे शिकवलं ते त्यावरचं रंगकाम. घर तू बांधलेलं होतंस.

त्र्याहत्तर सालचा ऑगस्ट. उस्ताद बाबांकडे हार्प घ्यायला आले. सहज म्हणाले, घरातलं कोणी वाजवतं का. बाबा हसले. तेव्हा तू मला पुढे ढकललंस: "ही वाजवते." बाबांचा चेहरा मी बघितलाच नाही, सरळ जाऊन बसले आणि तुझी रचना वाजवली. दुसरं काही इतकं बसलेलं नव्हतं.

"ही कोणाची रचना?"

"माझी."

"शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. ऐकून ऐकून."

तू तेरेरेचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. आत आलीस, त्यांना पेला भरून दिलास. उस्तादांनी तुझ्याकडे बघून बाबांना विचारलं, "थोरलीही वाजवते का?" बाबा म्हणाले, "ती? तिच्या हातचं जेवून जा, मग कळेल ती काय करते."

पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आले. असेलही. सतरा वर्षांची होते. पण या दुसऱ्या वेळी मी खाली बघून तारांवरून बोट फिरवत राहिले, ते निसटलेलं नव्हतं. तेव्हा नुसतं "हो, वाजवते" म्हणाले असते तरी पुरलं असतं.

महिन्याभरात मी राजधानीत गेले. डिसेंबरात तू सीमेपलीकडे शिवणाच्या कारखान्यात.

नंतर त्या रचनेची तबकडी निघाली. 'कारापेग्वाची दुपार' हे नावही मीच ठेवलं. आईच्या दफनानंतर सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी ती वाजवली आणि तू चारचौघांत म्हणालीस, "छान वाजवतेस तुझी रचना." लोकांना कौतुक वाटलं. तू संध्याकाळच्या बसनं गेलीस, त्यानंतर हा अकरा वर्षांचा अबोला.

मी रडगाणं गाणार नाही. मी चांगली वाजवते, उत्तम शिकवते, माझ्या हाताखालून गेलेल्या सहा मुली आज पोट भरण्याइतकं हार्पवर कमावतात. खरं बोलले असते तरी उस्तादांनी मला घेतलं असतं अशी माझी खात्री आहे. कदाचित तुलाही घेतलं असतं. हे "कदाचित" मला गिळता येत नाही.

निमिया चौदा मेला स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी मोठा कार्यक्रम करतेय. शेवट 'कारापेग्वाची दुपार'नं, चौदा हार्प एकत्र. शाळेच्या पुस्तकात स्वरलिपी छापणार, वर माझं नाव. मी अजून काही बोललेले नाही. आज रविवार आहे. मंगळवारी बैठक आहे.

ओदुलिया

कारापेग्वा, १७ मे

ताई,

त्या मंगळवारच्या बैठकीत मी बोलले. कसं, ते ऐक.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत निमियानं लिहिलं होतं, की या रचनेतला डाव्या हाताचा ठेका म्हणजे कारापेग्वाच्या ओढ्याचं संथ वाहणं. ती वाचून दाखवत होती. मी म्हणाले, "ते ओढ्याचं वाहणं नाही. ते माझ्या बाबांचं घोरणं आहे."

सगळे हसले. मी हसले नाही म्हणून थांबले.

"या रचनेचं नाव 'बाबांचं घोरणं'. आम्ही ते झोपलेले असताना शिकायचो, आणि ठेका त्यांच्या नाकातून यायचा. त्यांचं घोरणं थांबलं की आम्ही थांबायचो. म्हणून मधे ती अर्ध्या मात्रेची गप्प जागा आहे. लोक तिचं फार कौतुक करतात. ही रचना मी केलेली नाही. माझ्या बहिणीनं केली, लिब्रादा रोमेरोनं. मला शिकवलंही तिनंच. मी खोटं बोलले आणि पंचवीस वर्षं बोलत राहिले."

आगाथाबाई त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या, प्रार्थना असावी किंवा शिवी. निमिया पांढरी पडली. "बाई, कार्यक्रमाच्या पत्रिका छापून झाल्यात."

"पेन आण. दोनशे आहेत ना? मी बसून दुरुस्त करते."

"आणि नगराध्यक्षांनी तुम्हाला गावाची कन्या म्हणून मानपत्र दिलंय, त्याचं काय?"

"मी त्याच गावाची कन्या आहे, त्यात काही खोटं नाही. रचनेची ओळ तेवढी खोडावी लागेल."

मी दोन दिवस बसून दोनशे पत्रिका दुरुस्त केल्या. अनाक्लेतो मास्तर शेजारी बसून शाई टिपत होते. मधेच म्हणाले, "हलकं वाटेल असं समजू नका. मला वाटलं नाही. पण पाठ सरळ राहते."

राजधानीतल्या रचनाकारांच्या संस्थेलाही पत्र टाकलंय, नाव बदला म्हणून. तुझी सही लागेल. अर्ज सोबत जोडलाय.

कार्यक्रमाला गोदाम भरून बाहेर बाकं टाकावी लागली. शेवटच्या रचनेआधी मी पुढे गेले आणि सगळं पुन्हा सांगितलं, मानपत्र देणारे पहिल्या रांगेत बसलेले असताना. तू दारात तांब्या घेऊन उभी होतीस, आणि धाकटीचं भलं व्हावं म्हणून मोठ्या मनानं गप्प राहिलीस, हेही सांगितलं. एक आई उठून म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरी खोटारडीकडे शिकतायत?"

मी म्हणाले, "हो. हार्प मात्र खरा शिकतायत. हवं तर हात बघा त्यांचे. आणि ज्यांना काढून न्यायच्या आहेत त्यांनी वाजवून झाल्यावर न्या, आत्ता माझा ठेका बिघडेल."

कोणीतरी मागून हसलं, मग बरेच जण. नगराध्यक्ष उठून गेले. ती आई बसली. माझी थोरली विद्यार्थिनी साबिना हार्पमागून म्हणाली, "बाई, मग आमची गुरुआजी ब्युनोस आयर्सला राहते?" आणि चौदा हार्प एकदम सुरू झाले, 'बाबांचं घोरणं'. घोरणं म्हणून वाजवल्यावर ते आधीपेक्षा चांगलं वाजतं, हे मला मान्य करावं लागलं.

दाराशी माझं नवं कार्ड लागलंय. कोणाकडे शिकलात: थोरली बहीण लिब्रादा रोमेरो, आठ वर्षं. त्यानंतर एवारिस्तो ब्रिसुएला, चार वर्षं.

दोन मुली गेल्या. त्या आईची राहिली.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, कारण मागितली की ती द्यायची की नाही हे ओझं तुझ्यावर येतं. घडलं ते कळवलं.

तुझी ओदुलिया

ब्युनोस आयर्स, ८ जून

ओदुलिया,

चारही पत्रं मिळाली. पहिली तीन मी मशीनच्या खणात ठेवली होती, न वाचता. चौथं जाड होतं म्हणून उघडलं, मग बाकीची वाचली.

अर्जावर सही केली आहे, सोबत आहे. ती माझी रचना आहे, तेव्हा आढेवेढे घेण्याचं कारण नाही.

तुझ्या भाषणातली एक गोष्ट दुरुस्त कर. मी मोठ्या मनानं गप्प राहिले नव्हते. मी घाबरले होते. आदल्या दिवशी तारांत राहिलेली चिंधी बाबांना सापडली होती; कोण वाजवतं असं त्यांनी विचारलं असतं, तर त्या दुपारी उघड्या पडल्या असत्या, आणि थोरली म्हणून मार मला बसला असता. म्हणून मी तुला पुढे केलं. तू ओरडा खाशील, मी वाचेन, असं मला वाटलं होतं. उस्ताद तुला घेऊन जातील हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पंचवीस वर्षं मी तुझ्यावर जितकी चिडले, त्यातली निम्मी चीड या गोष्टीची होती. तू मला देवी करून ठेवलंस तर माझं माणूसपण जातं, तेव्हा ते काढून टाक. बाकीचं सांगितलंस ते बरोबर आहे. ते तू पंचवीस वर्षं आधी सांगायला हवं होतंस, हेही बरोबर आहे.

आता माझं. मी हार्प सोडलेला नाही. कारखान्यातली मुकादमबाई नखं कापायला लावायची, तेव्हा सहा वर्षं मी बोटांच्या पेरांनी वाजवलं. आवाज मऊ येतो. मला तो आवडायला लागला आणि मी तसंच ठेवलं. गेली चौदा वर्षं इथल्या चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी शिकवते. अकरा जणी आहेत. दहा आपल्याकडच्या, शिवणकाम करणाऱ्या, आणि एक बोलिव्हियाची आजी, जी सगळ्यांपेक्षा हुशार आहे. आमच्या दाराला कार्डं नाहीत. कोणी विचारलं कोणाकडे शिकलात, तर मी सांगते, भिंतीकडे. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

तुझी तबकडी मी ऐकली आहे. शेजारच्या दुकानात लागायची. डावा हात छान, मी बसवलेला आहे. पण रचना तिथे संपत नाही. तिसरा भाग आहे. बाबा जागे होतात तो. तो मी इथे आल्यावर केला आणि तुझ्या कानावर कधी पडू दिला नाही. तो वाजवल्याशिवाय तुमच्या पुस्तकात माझ्या नावानं काही छापू नये, असं तुझ्या त्या निमियाबाईंना माझ्यातर्फे कळव. अर्धी रचना मी माझ्या नावावर घेणार नाही.

स्वरलिपी मला लिहिता येत नाही. म्हणजे शिकायला कोणाला तरी इथे यावं लागेल. साबिनाला पाठवणार असशील तर पाठव. तू येणार असशील तर तुझा हार्प घेऊन ये, माझ्याकडे दोनच आहेत आणि दोन्हींवर माणसं बसलेली असतात. नखं कापून ये.

वर्ग सकाळी नऊला. नऊला मी दार लावून घेते, मग बाहेर कोणीही असो.

लिब्रादा